विश्लेषण : परदेशी शहराचे पत्र आले, तर नगरपरिषदेत ते हाताळणार कोण? वर्ध्याला ‘सिटी डिप्लोमसी’च्या प्रशिक्षणाची गरज का?

१२ जानेवारी २०२३. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या नेवार्क शहराच्या सिटी हॉलमध्ये एक छोटेखानी सोहळा झाला. महापौर हजर होते. सह्या झाल्या, फोटो निघाले. नेवार्क आणि ‘युनायटेड स्टेट्स ऑफ कैलासा’ यांच्यात ‘सिस्टर सिटी’चे नाते जाहीर झाले. अडचण एकच होती. कैलासा नावाचा देश पृथ्वीच्या पाठीवर नाही. बलात्काराच्या आरोपाखाली खटला सुरू असताना भारतातून पळालेल्या स्वयंघोषित गुरू नित्यानंद याने कागदावर उभारलेले ते ‘राष्ट्र’. चूक लक्षात आल्यावर १८ जानेवारीला नेवार्कने करार रद्द केला. त्याच वर्षी पॅराग्वेच्या कृषी मंत्रालयातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने याच ‘देशा’बरोबर सामंजस्य करारावर सही केली आणि नोकरी गमावली.

हसू येणे साहजिक आहे. पण नेवार्क ही तीन लाखांहून अधिक लोकसंख्येची, न्यूयॉर्कला खेटून असलेली, स्वतःचे वकील आणि माहिती अधिकारी असलेली महापालिका आहे. तिथे कोणीही ‘हा देश आहे कुठे?’ असे विचारले नाही. हाच ईमेल वर्ध्याच्या, हिंगणघाटच्या किंवा आर्वीच्या नगरपरिषदेत आला असता तर? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न : एखाद्या खऱ्या शहराचा, खऱ्या कामाचा ईमेल आला तर?

सिटी डिप्लोमसी म्हणजे नेमके काय?

दोन देशांची सरकारे बोलतात ती मुत्सद्देगिरी. दोन शहरे थेट बोलतात ती सिटी डिप्लोमसी. त्यात भगिनी शहरांचे करार येतात, पाणी, कचरा, वाहतूक यांवरची तांत्रिक देवाणघेवाण येते, परदेशी वित्तसंस्थांशी वाटाघाटी येतात आणि पाहुण्यांचे आदरातिथ्यही येते. कल्पना जुनी आहे. बेल्जियममधील गेंट येथे १९१३ मध्ये स्थानिक संस्थांची पहिली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील शत्रू देशांच्या शहरांनी एकमेकांशी नाती जोडली. आजची ‘युनायटेड सिटीज अँड लोकल गव्हर्नमेंट्स’ ही जागतिक संघटना २००४ ची, मुख्यालय बार्सिलोनात.

महाराष्ट्राला हे नवे नाही. मुंबईचे योकोहामाशी नाते १९६५ चे, जर्मनीतील स्टुटगार्टशी १९६८ चे, लॉस एंजेलिसशी १९७२ चे. पुणे आणि कॅलिफोर्नियातील सॅन होजे १९९२ पासून भगिनी शहरे आहेत. पुणेकर ज्याला पु. ल. देशपांडे उद्यान म्हणतात, ते मुळात पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, जपानच्या ओकायामातील कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले. मे २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या चीन दौऱ्यात तेव्हाचे औरंगाबाद आणि चीनमधील दुनहुआंग भगिनी शहरे झाली. एकीकडे अजिंठा-वेरूळ, दुसरीकडे मोगाओ लेणी, जोडी तर नामी होती. पण पाच वर्षांनी गलवान घडले आणि दोन्ही देशांचे संबंधच गोठले. वर्ध्याच्या शेजारचे नागपूर युरोपीय संघाच्या नागरी सहकार्य कार्यक्रमातून जर्मनीच्या कार्ल्सरूहे शहराशी जोडले गेले. कार्ल्सरूहे ट्रामसाठी प्रसिद्ध आहे आणि नागपूर तेव्हा मेट्रो बांधत होते.

या यादीत एक गोष्ट दिसते. सारी मोठी शहरे आहेत. महापालिका आहेत. नगरपरिषद एकही नाही.

हे काम नगरपरिषदेच्या अधिकारात येते का?

थेट उत्तर : स्वतःच्या बळावर नाही. परराष्ट्र व्यवहार, परदेशांशी करार, आंतरराष्ट्रीय परिषदांतील सहभाग हे सारे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्र सूचीत आहेत. स्थानिक स्वराज्य संस्था हा विषय राज्य सूचीत आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. त्यात नागरी संस्थांच्या १८ कामांची यादी आहे. नगररचनेपासून दफनभूमीपर्यंत सगळे आहे, परदेश संबंध नाहीत.

राज्यांनाही ही लक्ष्मणरेषा चुकलेली नाही. जुलै २०२४ मध्ये केरळने एका सनदी अधिकाऱ्याकडे ‘बाह्य सहकार्य’ या विषयाची जबाबदारी दिली, तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाने जाहीरपणे सुनावले की परराष्ट्र व्यवहार हा फक्त केंद्राचा अधिकार आहे. मात्र याच मंत्रालयात ऑक्टोबर २०१४ पासून ‘स्टेट्स डिव्हिजन’ नावाचा विभाग आहे. राज्यांचे आणि शहरांचे परदेशांशी संबंध वाढावेत, यासाठीच तो काढला. म्हणजे दार बंद नाही, पण किल्ली दिल्लीत आहे. कोणता कागद कोणाकडे न्यायचा, हे माहीत असलेल्यालाच ती मिळते.

नगरपरिषदेने परदेशी शहराशी करार करायचा तर प्रस्ताव जिल्हा प्रशासन आणि राज्याच्या नगरविकास विभागामार्फत परराष्ट्र मंत्रालयाकडे जावा लागतो. अधिकाऱ्याला सरकारी कामासाठी परदेशी जायचे तर त्याच मंत्रालयाची ‘राजकीय मंजुरी’ लागते. राहण्या-जेवण्याचा खर्च समोरचे शहर करणार असेल, तर परकीय योगदान विनियमन कायदा २०१० चे कलम ६ लागू होते. त्यानुसार शासकीय कर्मचाऱ्याला परदेशात परकीय पाहुणचार घेण्याआधी केंद्र सरकारची परवानगी बंधनकारक आहे. अपवाद फक्त अचानक आलेल्या आजारपणातील मदतीचा. ‘त्यांनीच बोलावले, त्यांनीच तिकीट काढले’ हा बचाव इथे चालत नाही, उलट तीच अडचण ठरते.

वर्ध्यासारख्या गावाचा यात संबंध काय?

इथे जरा थांबायला हवे. कारण परदेशी पाहुण्यांची सवय विदर्भातल्या कोणत्या गावाला सर्वात आधी लागली असेल, तर ती वर्ध्याला.

१९३० आणि ४० च्या दशकांत इंग्लंड-अमेरिकेतून भारतात आलेल्या माणसाला दिल्ली-मुंबईइतकेच वर्धा महत्त्वाचे होते. १९३८ च्या सुरुवातीला लॉर्ड लोथियन गांधीजींकडे राहून गेले. डिसेंबर १९३९ मध्ये स्टॅफर्ड क्रिप्स वर्ध्याला आले, प्रसिद्ध ‘क्रिप्स मिशन’च्या दोन वर्षे आधी. जून १९४२ मध्ये अमेरिकी पत्रकार लुई फिशर यांनी ऐन उन्हाळ्यात सेवाग्रामात आठवडा काढला. डिसेंबर १९४९ मध्ये, गांधीजींच्या पश्चात, जगभरातील शांततावाद्यांची परिषद शांतिनिकेतन आणि सेवाग्राम येथे भरली. तीसहून अधिक देशांतून माणसे आली होती.

या सगळ्यांची उतरण्याची, जेवणाची, टांग्याची व्यवस्था कोण करत होते? जमनालाल बजाज यांचे घर. बजाजवाडी हेच त्या काळचे अनधिकृत ‘परराष्ट्र अतिथीगृह’ होते. नगरपालिका या चित्रात ठळकपणे कुठेच नाही. नाती माणसांची आणि आश्रमाची होती, शहराच्या संस्थेची झाली नाहीत. आजही जवळपास तसेच आहे.

जपानचे उदाहरण घ्या. बौद्ध भिक्खू निचिदात्सु फुजी ऑक्टोबर १९३३ मध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटले. आश्रमाच्या प्रार्थनेत जपानी बौद्ध मंत्र आला तो त्यांच्यामुळे. गोपुरीत गीताई मंदिराशेजारी उभा असलेला विश्वशांती स्तूप हा त्याच नात्याचा पुढचा टप्पा. नव्वद वर्षांचे नाते आहे, त्याची इमारत उभी आहे, भिक्खूंचे येणे-जाणे आहे. जगातली कित्येक भगिनी शहरे यापेक्षा फार कमी भांडवलावर जोडली गेली आहेत. राज्य पातळीवर महाराष्ट्राने २०१३ मध्ये जपानच्या वाकायामा प्रांताशी करार केला आणि त्यातूनच सप्टेंबर २०१५ मध्ये कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. वर्ध्याच्या बाजूने असा धागा पुढे नेणारे टेबल कोणत्या कार्यालयात आहे?

आणि विषय फक्त गांधी-वारशाचा नाही. हिंगणघाटचा कापूस १९ व्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ याच नावाने ओळखला जात होता. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ‘पोकरा’, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जावर उभा राहिला. पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत वर्धा होता. गावात ग्राम कृषी संजीवनी समिती बसली, सरपंचांनी आराखडे केले. वॉशिंग्टनमधल्या बँकेच्या अटी आर्वी तालुक्यातल्या शेततळ्यापर्यंत पोहोचतात, याचा अनुभव जिल्ह्याने घेतलेला आहे. त्याला कोणी मुत्सद्देगिरी म्हटले नाही, एवढेच.

मग अडते कुठे?

समजा, उद्या सकाळी जपानमधल्या एखाद्या लहान शहराचा मेल वर्धा नगरपरिषदेच्या अधिकृत पत्त्यावर येतो. विषय : घनकचरा वर्गीकरण, शालेय विद्यार्थ्यांची भेट, फुजी यांच्या स्मृतीनिमित्त कार्यक्रम. उत्तर तीन आठवड्यांत हवे.

पुढे काय होईल, हे नगरपरिषदेच्या कार्यालयात पाऊल टाकलेला कोणीही सांगेल. मेल संगणक चालकाला दिसेल. तो प्रिंट काढून आवक-जावक विभागात देईल. तिथून तो कदाचित आरोग्य विभागाकडे जाईल, कारण विषयात कचरा आहे. किंवा शिक्षण विभागाकडे, कारण विद्यार्थी आहेत. कोणीतरी ‘वरिष्ठांचे मार्गदर्शन घ्यावे’ असा शेरा मारेल. तीन आठवडे संपतील. यात कोणाचा आळस नाही. खरोखरच कोणाला माहीत नाही की पहिली पायरी कोणती.

राज्यातील मुख्याधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा भर कायदा, लेखा, निविदा, करवसुली, नगररचना, स्वच्छता यांवर असतो आणि तो तसाच असायला हवा. पुण्याची यशदा, नागपूरची वनामती, १९२६ पासून काम करणारी अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था, ही प्रशिक्षणाची यंत्रणा आपल्याकडे आहे. केंद्राचे ‘आयगॉट कर्मयोगी’ हे ऑनलाइन व्यासपीठ मोबाइलवरही चालते. म्हणजे वर्ग आहेत, फळा आहे. विषय तेवढा वेळापत्रकात नाही.

दुसरी अडचण बदलीची. राज्याच्या २००५ च्या बदली कायद्यानुसार अधिकाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. परदेशी शहराशी ओळख होऊन पहिले ठोस काम उभे राहायला तेवढाच वेळ लागतो. साहेब गेले की पत्रव्यवहार त्यांच्या मेलबॉक्समध्ये राहतो. लोकप्रतिनिधींकडून सातत्य यावे, तर २०२२ पासून राज्यातील बहुतेक स्थानिक संस्था प्रदीर्घ काळ प्रशासकांच्या हाती होत्या. नगराध्यक्षच नाही, तर समोरच्या शहराचा महापौर हात कोणाशी मिळवणार?

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचे तर इथे ‘हँडओव्हर डॉक्युमेंट’च नसते. कोड लिहिणारा गेला की प्रकल्प मेला.

जपानने काय केले?

तुलनेसाठी जपान बरा, कारण तिथे हा प्रश्न लहान गावांनीही सोडवला आहे. १९८७ मध्ये त्यांनी ‘जेट’ कार्यक्रम सुरू केला. परदेशी तरुणांना बोलावून शाळांत इंग्रजी शिकवायला लावायचे, हा त्याचा माहीत असलेला भाग. कमी माहीत असलेला भाग असा की काही तरुणांची नेमणूक थेट नगरपालिकांच्या आणि प्रांतांच्या कार्यालयांत ‘आंतरराष्ट्रीय संबंध समन्वयक’ म्हणून होते. पत्रांची भाषांतरे, पाहुण्यांची व्यवस्था, भगिनी शहरांशी संपर्क ही त्यांची रोजची कामे. १९८८ मध्ये ‘क्लेअर’ ही स्थानिक संस्थांची सामाईक परिषद झाली. तिची न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस, सिंगापूर, सोल, सिडनी आणि बीजिंग येथे कार्यालये आहेत. नगरपालिकांचे कर्मचारी तिथे काही वर्षे प्रतिनियुक्तीवर काम करतात आणि परत आपल्या गावी जातात.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. परत आपल्या गावी जातात. शिकलेला माणूस त्याच कार्यालयात राहतो, हे तिथल्या रचनेचे मर्म आहे. अमेरिकेला हे उशिरा सुचले. तिथल्या परराष्ट्र खात्याने शहर आणि राज्य मुत्सद्देगिरीसाठी पहिला विशेष प्रतिनिधी नेमला तो २०२२ मध्ये.

वर्ध्यासाठी सिंगापूरला कार्यालय काढा, असे कोणी म्हणणार नाही. पण ‘कोणाला शिकवायचे’ या प्रश्नाचे उत्तर जपानकडून घेता येते. मुख्याधिकाऱ्याला दोन तासांचे व्याख्यान पुरे. खरे प्रशिक्षण कार्यालय अधीक्षकाला, आस्थापना लिपिकाला, लेखापालाला आणि संगणक चालकाला हवे. मुख्याधिकारी तीन वर्षांनी जाईल, कार्यालयाची रोजची नस माहीत असलेली ही माणसे त्याच्यापेक्षा जास्त टिकतात.

या प्रशिक्षणात शिकवायचे तरी काय?

‘डिप्लोमसी’ म्हटले की सूट, टाय आणि काटे-चमचे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात हे बरेचसे फायलीचे काम आहे.

सर्वात आधी समोरचा खरा आहे का, हे तपासणे. मेलचा डोमेन सरकारी आहे का, त्या शहराच्या संकेतस्थळावर त्या अधिकाऱ्याचे नाव आहे का, तिथल्या भारतीय दूतावासाला विचारले का. नेवार्कने एवढे केले असते तर नामुष्की टळली असती. इथे दुसरा धोकाही आहे. मैत्रीच्या नावाखाली यंत्रसामग्री विकणारी कंपनी पुढे येते, ‘त्या शहरात हेच वापरतात’ असे सांगते आणि निविदेआधीच पसंती ठरून जाते. मैत्री आणि खरेदी यांच्या फायली वेगळ्या ठेवणे, हा धडा पहिल्याच दिवशी व्हावा.

मग करार वाचणे. सामंजस्य करार साधारणपणे बंधनकारक नसतो, पण शब्द चुकले तर वाद होतो. इंग्रजी मसुद्यात ‘विल’ आणि ‘शॅल’ यांत फरक असतो, ‘शॅल’ हा बांधिलकीचा शब्द. खर्च कोण करणार, मुदत किती, बाहेर पडायचे कसे, वाद झाला तर काय, या चार ओळी मसुद्यात आहेत का हे शोधायला कायद्याची पदवी लागत नाही. सराव लागतो. जुने पाच-सहा करार हाती देऊन ‘यात काय राहिले?’ असे विचारले तरी अर्धा दिवस सार्थकी लागेल.

परवानग्यांची साखळी वर आलीच आहे. ती पाठ करण्याची गरज नाही, भिंतीवर एक तक्ता पुरेल.

पाहुणचार हा विषय आपण सोपा समजतो आणि तिथेच घसरतो. शाल, श्रीफळ, तासभर भाषणे, आणि पाहुण्यांनी ज्यासाठी हजारो किलोमीटर प्रवास केला ती कचरा डेपोची भेट ‘वेळेअभावी रद्द’. सेवाग्रामला येणारा परदेशी माणूस बहुतेक वेळा बापू कुटी पाहून त्याच दिवशी नागपूरला परततो. शहराशी त्याची गाठच पडत नाही. येणाऱ्यांपैकी कोण शिक्षक आहे, कोण नगरसेवक आहे, कोण शेती संशोधक आहे, याची साधी नोंदवही शहराने ठेवली, तरी पुढची पत्रे कोणाला लिहायची ते कळेल.

पाठपुराव्याबद्दल मात्र वर्गात काही शिकवता येईल असे वाटत नाही. दर तीन महिन्यांनी फाइल उघडून ‘शेवटचे पत्र कधी गेले?’ हे पाहणारा एक माणूस असणे, एवढेच त्याचे तंत्र आहे. स्टुटगार्ट-मुंबई नाते पन्नास वर्षांहून अधिक टिकले, कारण दोन्हीकडे ते सांभाळणारी माणसे होती.

‘आधी नाल्या साफ करा’

हा आक्षेप येणारच आणि तो रास्त आहे. २०११ च्या जनगणनेत वर्धा शहराची लोकसंख्या १,०६,४४४ होती. उपनगरे वाढली, पाइपलाइन पुरत नाही, कर्मचारी कमी. अशा नगरपरिषदेने परदेशाची स्वप्ने पाहावीत का? त्यात नगरसेवकांच्या ‘अभ्यास दौऱ्यां’चा इतिहास लोकांच्या लक्षात आहे. कोणत्या अभ्यासाचा कोणता अहवाल आला, हे विचारले की सगळे गप्प.

म्हणूनच दौरा आणि प्रशिक्षण यांची गल्लत नको. इथे ज्याची चर्चा आहे ते काम वर्ध्यातच, दोन-तीन दिवसांत, पासपोर्टशिवाय होणारे आहे. भगिनी शहराचा करार हे तर त्याचे उद्दिष्टही नसावे. असे बरेच करार सह्या आणि फोटोंपलीकडे जात नाहीत. आधी एक लहान काम, दोन शाळांचा ऑनलाइन वर्ग म्हणा किंवा हळद प्रक्रियेवर एका तज्ज्ञाची भेट. ते जमले तर दुसरे. करार सगळ्यात शेवटी, किंवा नाहीच.

आणि नाल्यांचे म्हणाल, तर नागपूरच्या नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या ‘जिका’चे कर्ज आहे. नागपूर मेट्रोसाठी जर्मनीच्या ‘केएफडब्ल्यू’ने ५० कोटी युरो आणि फ्रान्सच्या ‘एएफडी’ने १३ कोटी युरो दिले. परदेशी पैसा आणि तंत्र नाल्यांपर्यंत येते ते त्यांच्या अटी वाचता येणारी माणसे जिथे आहेत, त्या शहरांकडे. नागपूर वर्ध्यापासून जेमतेम ७५ किलोमीटरवर आहे.

सुरुवात कुठून होऊ शकते?

वर्ध्याची गंमत अशी की लागणारे बरेच साहित्य गावातच आहे. १९७५ मध्ये नागपूरला झालेल्या पहिल्या विश्व हिंदी संमेलनात आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठाची मागणी झाली आणि १९९७ मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय वर्ध्यात सुरू झाले. तिथे अनुवादाचा विभाग आहे, गांधी आणि शांती अध्ययन आहे, परदेशी विद्यार्थी हिंदी शिकायला येतात. मगनवाडीत ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था आहे. जिल्ह्याच्या निर्यातीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती आहे, तिच्या टेबलावर हळदही येते आणि कापूसही.

जिल्ह्यात सहा नगरपरिषदा आहेत : वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी रेल्वे. सेलू, आष्टी, कारंजा आणि समुद्रपूर या चार नगरपंचायती. प्रत्येकीतून दोन कर्मचारी घेतले तरी वीस जणांची तुकडी होते. एका वर्गखोलीत मावेल एवढी. शिकवायला परराष्ट्र सेवेतील निवृत्त अधिकारी, नागपूर महापालिकेत परदेशी प्रकल्पांवर काम केलेले अभियंते आणि विद्यापीठातले अनुवादक. सरावासाठी वर दिलेला काल्पनिक जपानी मेलच ठेवता येईल : तीन आठवडे, एक उत्तर, आणि फाइल कोणत्या टेबलावरून कुठे गेली याचा नकाशा.

परदेशी शहराशी करार करायला दिल्लीची परवानगी लागते. या वर्गाला ती लागत नाही. वार्षिक प्रशिक्षण आराखड्यात एक ओळ वाढवावी लागते, आणि ती जिल्हा व विभागीय पातळीवर सुचवता येते.